‘जन्मतः पापी’ हे तरुणांना शिकवायचं कसं? यहेज्केल १८ आणि रोम ५ यांचा मेळ

मोहरीचा_दाणा

सलाम मंडळी,

तरुण संघासाठी चार रविवारांचा अभ्यास आखायचा आहे. उपासनेनंतर प्रत्येकी सव्वा तास. विषय: माणूस मुळात कसा आहे, पाप म्हणजे काय आणि माणसाचं प्रयोजन काय. सोळाएक जण, वय १७ ते २४. बहुतेक प्रॉटेस्टंट घरांतले, दोन-तीन कॅथलिक, शिवाय मित्रमैत्रिणींबरोबर येणारे दोघे-तिघे हिंदू.

अडतं ते इथे. यहेज्केल १८:२० सांगतो की मुलगा बापाच्या अधर्माचा भार वाहणार नाही. रोम ५:१२ पासून पौल सांगतो की एका माणसामुळे पाप आणि मरण सगळ्यांपर्यंत आलं. मग नुकतंच जन्मलेलं बाळ पापी की निष्पाप? ‘दोन्ही खरं आहे’ एवढ्या उत्तरावर ही मुलं गप्प बसणार नाहीत, आणि बसूही नयेत.

दुसरं, पाप समजावताना रोग, कर्ज, डाग, गुलामी असे दाखले सर्रास वापरतात. कोणता कुठपर्यंत चालतो?

तिसरं म्हणजे शेवटचं सत्र. ‘देवाची तुझ्यासाठी योजना आहे’ या वाक्यापुढे काही ठोस सांगायचं आहे. नेमके संदर्भ आणि वेळेची वाटणी मिळाली तर फार उपयोग होईल.

---

शब्दवेध

आधी क्रम बदला. असे अभ्यास बहुधा उत्पत्ती ३ पासून, म्हणजे आदाम-हव्वेच्या पतनापासून सुरू होतात आणि घोळ तिथेच होतो. ऐकणाऱ्याच्या मनात बसतं की माणसाची पहिली ओळख पापी अशी आहे. शास्त्रातली पहिली ओळख ‘देवाचं प्रतिरूप’ ही आहे, उत्पत्ती १:२६-२७. ती पतनानंतर पुसली गेली असं समजू नका. जलप्रलयानंतर, म्हणजे माणसाचा बिघाड पुरता दिसून आल्यावर, ९:६ मध्ये खुनाला मनाई करताना कारण हेच दिलंय की माणूस देवाच्या प्रतिरूपाचा आहे. याकोब ३:९ शिव्याशापांबद्दल तेच कारण देतो. खुनाची आणि शापाची मनाई या प्रतिरूपावर उभी आहे, म्हणजे पापी माणसातही ते आहे.

याचा परिणाम दूरवर जातो. पाप हा माणसाच्या घडणीचा भाग असता, तर ‘येशू पुरता माणूस होता’ आणि ‘तो निष्पाप होता’ (इब्री ४:१५) ही दोन विधानं एकत्र नांदलीच नसती. म्हणून ‘माणूस म्हटला की चुकणारच’ हे वाक्य वर्गात कोणी टाकलं तर तिथे थांबा. ख्रिस्ती समजुतीप्रमाणे पाप माणसाला अधिक माणूस करत नाही, त्याचं माणूसपण उणं करतं.

‘उणं’ हा शब्द मुद्दाम वापरला. रोम ३:२३ मध्ये आपल्या मराठी शास्त्रात ‘देवाच्या गौरवाला उणे पडले आहेत’ असं आहे. मूळ ग्रीक क्रियापद तेच आहे जे लूक १५:१४ मध्ये उधळ्या मुलाला ‘अडचण पडू लागली’ तेव्हा येतं, आणि योहान २:३ मध्ये काना गावच्या लग्नात द्राक्षारस संपला तेव्हाही येतं. कमी पडणं, पुरं न पडणं. मुलांना हे तीन संदर्भ शेजारी ठेवून वाचू द्या. पाप म्हणजे नियमभंगांची यादी, ही समजूत तिथेच सैल होते.

हिब्रूत मुख्य शब्द तीन. ‘हट्टात’ म्हणजे नेम चुकणं. त्याचं क्रियापद शास्ते २०:१६ मध्ये अगदी शब्दशः आलंय: बन्यामिनाचे ७०० डावखुरे गोफणधारी, केसावर नेम धरला तरी न चुकणारे. ‘आवोन’ म्हणजे वाकडेपणा, आणि त्यातून उरणारा दोषही. ‘पेशअ’ म्हणजे बंड, करार मोडणं. स्तोत्र ३२:१-२ मध्ये तिन्ही लागोपाठ येतात. मराठीत एकटा ‘पाप’ शब्द या तिघांचा भार वाहतो. अपराध, पातक, अधर्म हे शब्द अनुवादात येतात खरे, पण बोलताना आपण सगळ्याला पापच म्हणतो.

आता तुमचा मूळ प्रश्न. यहेज्केल कोणाशी बोलतोय ते बघा. बाबेलच्या बंदिवासातले लोक एक म्हण घोळवत होते (१८:२): बापांनी आंबट द्राक्षं खाल्ली आणि पोरांचे दात आंबले. म्हणजे आमची काही चूक नाही, वाडवडिलांचं भोगतोय. संदेष्टा हा पळमार्ग बंद करतो. प्रश्न न्यायाचा आहे: कोणाच्या कृत्याबद्दल कोणाला जबाबदार धरायचं? ज्याच्या त्याला. अनुवाद २४:१६ मध्येही हेच आहे.

रोम ५ मधला प्रश्न वेगळा आहे. पौल विचारतो, माणसं कोणाच्या सत्तेखाली जन्मतात? ५:१४, १७ आणि २१ मध्ये ‘राज्य करणं’ हे क्रियापद पुन्हा पुन्हा येतं. मरणाने राज्य केलं, पापाने राज्य केलं, आता कृपेने करावं. इथे पाप हे एखादं कृत्य नाही, सत्ता आहे.

आणि यहेज्केललाही ही सत्ता ठाऊक आहे. १८:३१ मध्ये तो आज्ञा देतो की स्वतःसाठी नवं हृदय करा. ३६:२६ मध्ये देव म्हणतो, नवं हृदय मी देईन, दगडाचं काढून मांसाचं देईन. जबाबदारी पूर्ण माणसाची, पण पार पाडण्याची ताकद त्याच्यापाशी नाही. मेळ रोममध्ये शोधण्याआधी यहेज्केलच्याच दोन अध्यायांत शोधा.

एक धोक्याची सूचना. रोम ५:१२ च्या शेवटच्या शब्दांवर सगळा सिद्धान्त टांगू नका. लॅटिन भाषांतरात तिथे ‘ज्याच्यामध्ये सर्वांनी पाप केलं’ असा अर्थ लागला, आणि ऑगस्टीनने (३५४-४३०) ‘आदामामध्ये सर्वांनी’ असं वाचलं. ग्रीक शब्दांचा अर्थ बहुतेक अभ्यासक आज ‘कारण सर्वांनी पाप केलं’ असा लावतात, मराठी शास्त्रही तसंच वाचतं. पण यामुळे आदामाशी असलेला दुवा तुटला असंही म्हणता येत नाही, कारण ५:१८-१९ समोर उभे आहेत: एकाच्या आज्ञाभंगाने पुष्कळ जण पापी ठरले.

---

वसईचा_वाचक

कॅथलिक मुलं आहेत म्हणून त्यांची शिकवण नेमकी सांगतो, कारण ती फार वेळा चुकीची सांगितली जाते.

कॅथलिक मंडळीच्या ट्रेंट परिषदेने १७ जून १५४६ रोजी आदिपापाचा ठराव केला. आदामाचं पाप अनुकरणाने नाही तर वंशपरंपरेने येतं, आणि बाप्तिस्म्याने ते खरोखर काढून टाकलं जातं, असं त्यात आहे. मग बाप्तिस्मा झालेला माणूस पाप का करतो? कारण पापाकडे असलेली ओढ राहते. ती ओढ स्वतः पाप नाही. लूथरच्या अनुयायांशी फरक नेमका इथे आहे: त्यांच्या मते ती उरलेली ओढही खऱ्या अर्थाने पापच. ही ओढ मराठीत ‘वासना’ म्हणून सांगतात आणि ऐकणाऱ्याचं लक्ष फक्त शरीराकडे जातं. ‘पापाकडे कल’ म्हणा. हेवा, फुशारकी, पैशाची हाव हे सगळं त्यात बसतं.

१९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथात परिच्छेद ४०४ आणि ४०५ पाहा. आदिपाप हे केलेलं पाप नाही, वाट्याला आलेलं आहे. ती एक अवस्था आहे, कृत्य नाही. आदामाच्या कोणत्याही वंशजाच्या बाबतीत तो वैयक्तिक गुन्हा ठरत नाही, असं स्पष्ट लिहिलंय. म्हणजे तुमच्या यहेज्केलच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिथेच आहे. ‘पाप’ हा शब्द बाळाच्या बाबतीत आणि चोराच्या बाबतीत एकाच अर्थाने वापरलेला नाही.

वैयक्तिक पापाबद्दल त्याच ग्रंथाचा परिच्छेद १८५७ मुलांना खूप उपयोगी पडेल. पाप प्राणघातक, म्हणजे देवाशी नातं तोडणारं, ठरायला तीन गोष्टी एकत्र लागतात: बाब गंभीर असणं, ती गंभीर आहे हे पुरतं माहीत असणं, आणि राजीखुशीने केलेली निवड. तिन्हींपैकी एक नसेल तर ठरत नाही. पापनिवेदनाला जाताना मनात आलेल्या प्रत्येक विचाराने घाबरणाऱ्या मुलांसाठी हा मोठा आधार आहे. विचार आला म्हणजे संमती दिली असं नाही.

अजून एक कळकळीची विनंती. ‘बाळ पापी’ या चर्चेत कोणाच्या तरी घरी बाळ गेलेलं असण्याची शक्यता गृहीत धरा. कोण जाणे, समोर बसलेल्या एखादीचा सख्खा भाऊ असेल. अशा बाळांचं काय, हा प्रश्न आलाच तर उत्तर तयार ठेवा. कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथ (परिच्छेद १२६१) बाप्तिस्म्याविना गेलेल्या बाळांना देवाच्या दयेवर सोपवतो आणि तारणाची आशा बाळगायला सांगतो. व्हॅटिकनच्या आंतरराष्ट्रीय ईशज्ञान आयोगाने २००७ मध्ये या आशेची सविस्तर मांडणी केली. ‘लिंबो’ म्हणजे अशी बाळं स्वर्गाबाहेर एका वेगळ्या जागी राहतात ही कल्पना, हा कधीही बंधनकारक सिद्धान्त नव्हता.

---

मोहरीचा_दाणा

शब्दवेध, वसईचा_वाचक, दोघांचे मनापासून आभार. यहेज्केल ३६ चा दुवा डोक्यात आलाच नव्हता. आता प्रॉटेस्टंट बाजू. आमच्याकडे याच प्रश्नावर दोन ज्येष्ठ दोन उत्तरं देतात आणि दोघेही ‘हीच आपल्या मंडळीची शिकवण’ म्हणतात.

---

जुनी_वही

दोघेही बरोबर असू शकतात. तुमची मंडळी उत्तर भारताच्या मंडळीतली म्हणजे सीएनआयमधली असेल तर कारण इतिहासात आहे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा मंडळ्या एकत्र आल्या. अँग्लिकन, मेथडिस्टांची एक शाखा, बाप्टिस्ट, ब्रेदरन, डिसायपल्स आणि आधीच एकत्र आलेले प्रेस्बिटेरियन-काँग्रिगेशनल. प्रत्येकाने धर्मशिक्षणाची आपली शिकवण बरोबर आणली. लहान मुलांचा बाप्तिस्मा आणि समजत्या वयातला बाप्तिस्मा, दोन्ही तिथे मान्य आहेत, ते याचमुळे.

वारसा दोन पदरी आहे हे आधी फळ्यावर लिहा: बिघाड आणि दोष. बिघाड म्हणजे स्वभाव वाकलेला असणं. दोष म्हणजे न्यायासमोर अपराधी ठरणं. बिघाड जन्माबरोबर येतो हे वर आलेल्या सगळ्या परंपरा मानतात. ते नाकारणारा पेलाजियस, आणि त्याची शिकवण ४१८ मध्ये कार्थेजच्या परिषदेने फेटाळली. भांडण आहे ते दोषावरून.

प्रेस्बिटेरियनांची धर्मशिक्षणाची वेस्टमिन्स्टर लघु प्रश्नोत्तरावली (१६४७) १८ व्या उत्तरात दोन्ही पदर सांगते: आदामाच्या पहिल्या पापाचा दोष, मूळच्या नीतिमत्त्वाचा अभाव आणि संपूर्ण स्वभावाचा बिघाड. आदाम हा सगळ्यांचा प्रतिनिधी म्हणून करारात उभा होता, हा त्यामागचा विचार. हा वारसा स्कॉटिश मिशनमधून मुंबई-पुण्याकडे आला. अँग्लिकनांच्या ३९ कलमांपैकी नववं कलमही म्हणतं की हा बिघाड देवाच्या क्रोधाला पात्र आहे. पण जॉन वेस्लीने १७८४ मध्ये अमेरिकन मेथडिस्टांसाठी ही कलमं २४ वर आणली तेव्हा मूळ पापाच्या कलमातून क्रोधाचं ते वाक्य गाळलं. बिघाड ठेवला. तुमचे दोन ज्येष्ठ बहुधा या दोन कलमांतून बोलत आहेत.

पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळ्या तिसऱ्या बाजूला आहेत. वारशात मरण आणि दुर्बळता येते, आदामाचा दोष येत नाही. मरणाच्या भीतीने माणूस पापाकडे ढकलला जातो (इब्री २:१५).

तरुणांना यातली एक बाजू पटवण्याचा खटाटोप सव्वा तासात करू नका. दोन पदर वेगळे दाखवा, कोण कुठे उभा आहे ते सांगा.

‘संपूर्ण भ्रष्टता’ हा शब्दप्रयोग कोणी काढेलच. नेदरलंड्समधल्या डॉर्टच्या धर्मसभेपासून (१६१८-१९) तो विचार पक्का झाला. त्याचा अर्थ प्रत्येक माणूस जितका वाईट होऊ शकतो तितका वाईट आहे, असा मुळीच नाही. बुद्धी, इच्छा, भावना, शरीर यांतला एकही कोपरा अस्पर्श राहिलेला नाही, एवढाच अर्थ. हंडाभर पाण्यात मूठभर मीठ टाकलं तर पाण्याचं मीठ होत नाही, पण एकही थेंब अळणी राहत नाही. आणि याच डॉर्टच्या निर्णयांत पहिल्या भागाचं १७ वं कलम श्रद्धावंत आईबापांना सांगतं की बालपणीच गेलेल्या मुलांच्या तारणाबद्दल त्यांनी शंका बाळगू नये. कडक समजल्या जाणाऱ्या परंपरेतलं हे कलम वसईचा_वाचक यांच्या मुद्द्याला जोडून जरूर वाचा.

---

घरमंडळी

प्रतिरूपापासून सुरुवात करण्याला माझा विरोध आहे. आजच्या तरुणाला ‘तू किती मौल्यवान आहेस’ हे सगळीकडून ऐकायला मिळतं. पापाची टोचणी आधी लागली नाही तर कृपेची गरज कशी वाटेल? पौल रोम १:१८ मध्ये देवाच्या क्रोधापासूनच सुरुवात करतो.

---

शब्दवेध

काळजी रास्त आहे, पण रोम १ पुढे वाचा. १:१९-२० लगेच निर्मितीकडे जातं: देवाचं अदृश्य स्वरूप निर्माण केलेल्या गोष्टींवरून कळतं, म्हणून माणसाला सबब नाही. क्रोध का, तर १:२३ मध्ये गौरवाची अदलाबदल केली म्हणून. अदलाबदलीच्या आधी हातात काहीतरी मोलाचं असावं लागतं. अथेन्समध्ये तर पौल (प्रेषितांची कृत्ये १७:२४-३१) निर्मितीपासून सुरू करून पश्चात्तापावर आणि न्यायावर येतो.

तुमचं म्हणणं वेगळ्या जागी मला पटतं. प्रतिरूप म्हणजे ‘तू खास आहेस’ अशी शाबासकी झाली तर सत्र फसलं. ज्या हिब्रू शब्दाचं भाषांतर प्रतिरूप केलंय, तोच मूर्तीसाठीही येतो. राजा स्वतः पोचत नाही तिथे त्याची सत्ता दाखवायला पुतळा उभा राहतो. म्हणजे प्रतिरूप हे पद आहे, जबाबदारी आहे. दर्जा उंच म्हणूनच पतन खोल.

---

घरमंडळी

असं मांडलंत तर हरकत नाही. फक्त पहिल्याच सत्रात ‘जबाबदारी’ हा शब्द फळ्यावर यायला हवा.

---

तिठा

हिंदू मित्र येणार आहेत, त्याबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

‘हिंदू लोक पाप-पुण्याचा हिशोब मांडतात आणि आपल्याकडे कृपा आहे’ असं सांगू नका. ते अन्यायाचं आहे आणि समोरचा लगेच खोडून काढेल. पूजेच्या शेवटी घरोघरी म्हणतात तो श्लोक ‘पापोऽहं पापकर्माहं पापात्मा पापसंभवः’. मी पापी, माझी कर्मं पापी, माझा आत्मा पापी, माझा जन्म पापातला. पुढची ओळ कृपेने तार म्हणून शरण जाते. ‘पतितपावन’ हा शब्द वारकऱ्याच्या तोंडी रोजचा आहे. स्तोत्र ५१:५ (‘मी जन्माचाच पापी’) ऐकून या मित्रांना धक्का बसणार नाही. उलट ओळखीचं वाटेल, आणि ओळखीचं वाटलेलं चांगलं.

खरी अडचण दुसरीच आहे. मराठी कानाला ‘जन्मतः पापी’ म्हटलं की ‘गेल्या जन्मीचं पाप’ ऐकू येतं. तुम्ही आदामाबद्दल बोलत असता आणि समोरच्याच्या मनात संचित-प्रारब्ध चालू असतं. ख्रिस्ती घरांतही हे खोल मुरलंय. मूल अपंग जन्मलं की शेजारीण म्हणते ‘कुठलं पाप भोवलं’, आणि घरचे मान डोलावतात. म्हणून योहान ९:१-३ अभ्यासात घ्याच. जन्मांध माणसाकडे बघून शिष्य विचारतात, पाप कोणाचं, याचं की आईबापाचं? येशू दोन्ही नाकारतो. सोबत लूक १३:१-५: शिलोहाचा बुरूज पडून १८ जण मेले ते यरुशलेमेतल्या बाकीच्यांहून अधिक अपराधी नव्हते. सगळी मानवजात पापाखाली आहे, पण अमक्याचं दुःख हे अमक्या पापाचं फळ असा हिशोब लावायला मनाई आहे. ही दोन वाक्यं वेगळी ठेवली नाहीत तर सगळ्यात जास्त इजा आजारी माणसाला होते.

---

पाटी_पेन्सिल

वेळेची वाटणी देतो. ७५ मिनिटांत १० मिनिटं नुसतं वाचन, २५ मिनिटं चौघाचौघांचे चार गट, २५ मिनिटं एकत्र, १५ मिनिटं प्रश्न आणि प्रार्थना. गटातली २५ मिनिटं कापून व्याख्यान लांबवण्याचा मोह होतो. तो टाळा, नाहीतर तिसऱ्या रविवारपर्यंत पाच-सहा जणच बोलत राहतात.

पहिल्या रविवारी उत्पत्ती १:२६ ते २:२५ आणि स्तोत्र ८.

दुसऱ्या रविवारी उत्पत्ती ३ आणि ४:१-१६. गटांना एकच काम द्या: काय काय तुटलं ते शोधा. चार तुटलेले धागे सापडायला हवेत. स्वतःशी (३:७, लाज), देवाशी (३:८, लपणं), एकमेकांशी (३:१२, दोष ढकलणं), जमिनीशी (३:१७-१८). लक्षात आणून द्या की तिसऱ्या अध्यायात ‘पाप’ हा शब्दच नाही. तो पहिल्यांदा ४:७ मध्ये येतो, दाराशी टपून बसलेला. त्या फळाला सफरचंदही कुठे म्हटलेलं नाही. आणि ३:१६ वर जरूर थांबा. नवरा बायकोवर सत्ता चालवील हे पतनाच्या परिणामांत आलंय, निर्मितीच्या आज्ञेत नाही. त्याच परिणामांतली काटेकुसळं (३:१८) उपटायला आपण कचरत नाही. हे वचन मात्र बायकोला दाबायला आधार म्हणून पुढे केलं जातं. मुलींसमोर हे स्पष्ट बोललं गेलं पाहिजे. शेवट ३:२१ वर करा, देव त्यांना चामड्याची वस्त्रं घालतो.

तिसऱ्या रविवारी यहेज्केल १८ आणि ३६:२२-२८, मग रोम ५:१२-२१, योहान ९:१-३. हे सत्र सगळ्यांत जड, म्हणून वाचनाला १५ मिनिटं धरा आणि शेवटची पाच कमी करा. रोममध्ये ‘कितीतरी अधिक’ अर्थाचे शब्द ५:१५ आणि ५:१७ मध्ये कुठे येतात ते अधोरेखित करायला सांगा. पौलाचं लक्ष आदामावर थांबत नाही, कृपा आदामाच्या कितीतरी पुढे जाते हे त्याला सांगायचंय. इथे लोक ५:१४ वरच अडकतात आणि सत्र संपतं.

आता दाखले. प्रत्येकाचा आधार शास्त्रात आहे आणि प्रत्येकाची हद्द आहे.

रोग (मार्क २:१७): बरं करणारा बाहेरून यावा लागतो हे नीट कळतं. पण रोग्याचा दोष नसतो, त्यामुळे जबाबदारी निसटते. नैराश्याच्या बाबतीत तर हा दाखला उलटा फिरतो आणि ‘आजार म्हणजे पाप’ असं कोणीतरी घरी घेऊन जातं. उपचार घेणारा मुलगा गटात असू शकतो. त्याच्यासाठी तरी हे वाक्य स्वतःहून खोडा.

कर्ज: प्रभूच्या प्रार्थनेत आपण ‘ऋणे’ म्हणतोच (मत्तय ६:१२). फेडता न येणं यातून कळतं. मत्तय १८:२३-३५ मध्ये राजा एका चाकराचं प्रचंड कर्ज माफ करतो, पण तो सोबतीच्या चाकराचं लहान देणं सोडत नाही. तिथला आकडा करून दाखवा. एक दिनार ही एका दिवसाची मजुरी. एका तालांताचे साधारण ६,००० दिनार. दहा हजार तालांत म्हणजे ६ कोटी दिवसांची मजुरी. दुसऱ्या चाकराचं देणं १०० दिनार. प्रमाण सहा लाखाला एक. अडचण अशी की आपल्याकडे ऋण हा शब्द कृतज्ञतेचाही आहे, देवऋण, पितृऋण, आणि ते हळूहळू फेडायचं असतं. मुलं लगेच ‘चांगली कामं करून फेडू’ इथे पोचतात.

डाग (यशया १:१८): लाज आणि शुद्धीची ओढ यातून नेमकी कळते. पण डाग वरवरचा असतो, आणि मार्क ७:२१ प्रमाणे उगम आत आहे.

गुलामी (योहान ८:३४, रोम ६): इच्छा असून जमत नाही हे याने सर्वांत चांगलं कळतं. मोबाइलपासून दारूपर्यंत कोणत्याही सवयीला लावून बघा. पण गुलाम नाखूश असतो, आणि माणूस पुष्कळदा पापात खूश असतो.

एकच दाखला चारही सत्रांत ताणू नका. दोन-तीन एकमेकांवर ठेवले की एकाची उणीव दुसरा भरतो.

एक शिस्तही सांगतो. चिठ्ठीवर पापं लिहून जाळण्याचा कार्यक्रम टाळा. १७ वर्षांचं पोर भावनेच्या भरात असं काही लिहितं जे शेजारच्याने वाचलेलं त्याला महागात पडतं. खाजगी बोलायचं असेल तर सत्रानंतर पाळकसाहेबांकडे किंवा पाळकीणबाईंकडे वेळ आधीच ठरवून ठेवा. कोणी अत्याचार सोसल्याचं सांगितलं तर त्याच्यापुढे ‘क्षमा कर’ हा विषय त्या दिवशी काढूच नका. तुटलं ते त्याचं, पाप दुसऱ्याचं. मूल अठराच्या आतलं असेल तर पॉक्सो कायद्याप्रमाणे कळवणं बंधनकारक आहे, गुप्त ठेवण्याचं वचन देऊ नका.

---

मोहरीचा_दाणा

हे सगळं छापून ठेवतेय. चौथा रविवार राहिला. मुलांच्या मनात ‘प्रयोजन’ म्हणजे कोणती शाखा, कोणती नोकरी, कोणाशी लग्न. देवाच्या योजनेबद्दलचं यिर्मया २९:११ तर प्रत्येकाच्या वहीवर चिकटवलेलं आहे.

---

शब्दवेध

मग तिथूनच सुरुवात करा, फक्त वचन काढून टाकू नका, त्याच्या भोवतीचं पत्र वाचा. यिर्मया २९ हे बाबेलला नेलेल्या लोकांना पाठवलेलं पत्र आहे. २९:१० मध्ये मुदत आहे ७० वर्षं, म्हणजे ऐकणाऱ्यांतले बहुतेक जण परत जाणार नाहीत. त्यांना काय करायला सांगितलंय? घरं बांधा, मळे लावा, लग्नं करा (२९:५-६), आणि ज्या शहरात नेलंय त्याचं हित पाहा, त्यासाठी प्रार्थना करा (२९:७). आणि ‘तुम्ही’ हे तिथे अनेकवचन आहे. देवाने सगळ्या समुदायाला दिलेला हा शब्द एकट्याच्या परीक्षेच्या निकालाला लावला, आणि निकाल बिघडला, की श्रद्धाच डळमळते. तरुणांच्या बाबतीत हे फार होतं.

प्रयोजनाची पहिली व्याख्या उत्पत्ती २:१५ मध्ये आहे. बागेची मशागत करणं आणि राखण करणं. याच दोन हिब्रू क्रियापदांची जोडी गणना ३:७-८ मध्ये लेव्यांच्या, म्हणजे उपासनेची सेवा सोपवलेल्या वंशाच्या, निवासमंडपातल्या सेवेसाठी येते. शेतातलं काम आणि उपासनेतली सेवा यांना एकच शब्द. नोकरी कोणतीही असो, प्रश्न असा विचारा: यात मी काय मशागत करतोय, काय राखतोय? पाण्याची टाकी बांधणारा प्लंबर आणि आयसीयूतली नर्स, दोघांनाही उत्तर देता येतं.

वेस्टमिन्स्टरचा पहिला प्रश्नही घ्या: माणसाचा मुख्य हेतू काय? देवाचं गौरव करणं आणि सर्वकाळ त्याच्यात आनंद करणं. मुलं पहिलं अर्धं पाठ करतात, दुसरं विसरतात. आनंदाचं अर्धं गळलं की प्रयोजन म्हणजे नुसता बोजा होतो.

मग इफिस २:१-१० एका बैठकीत, न तोडता. लोक ८-९ वर थांबतात, ‘कृपेनेच तारण, कर्मांनी नाही’. दहावं वचन लगेच म्हणतं की आपण त्याची हस्तकृती आहोत, सत्कृत्यांसाठी निर्माण केलेले. कर्मं तारणाचं मूळ नाहीत, फळ आहेत. इथे कॅथलिक मुलांना सांगा की ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी ऑग्सबर्गमध्ये कॅथलिक मंडळी आणि लूथरन जागतिक संघाने नीतिमान ठरण्याबद्दल संयुक्त घोषणेवर सह्या केल्या. कृपेवर सहमती, काही तपशिलांवर मतभेद कायम.

पहिल्या रविवारी स्तोत्र ८ वाचलेलं असेल, तर शेवटी तेच पुन्हा वाचा, पण इब्री २:६-९ जोडून. तिथे लेखक मोकळेपणाने म्हणतो की सर्व काही माणसाच्या अधीन झालेलं अजून आपल्याला दिसत नाही. येशू मात्र दिसतो. दोन्ही उताऱ्यांना मिळून दहा मिनिटं ठेवा, आणि दुसरा उतारा सगळ्यांत कमी बोलणाऱ्या मुलाला वाचायला द्या.